अमुनमोपेची बायको, आतेनहेबची आई

हुनेरो लग्न होऊन आली तेव्हा घरात नवरा होता, सासू होती आणि एक हंसी होती. नवरा अमुनमोपे मऊ स्वभावाचा. सासू करारी. पण घरावर हुकमत त्या हंसीची. ती सासूला चावली, शेजारच्या तामेरितला चावली, आणि गाढवांवरून पाणी आणणाऱ्याच्या पोटरीचा तर तिने लचकाच तोडला. हुनेरोच्या वाटेला मात्र ती कधी गेली नाही.

"तुझ्यात तिला आपलं माणूस दिसलं," अमुनमोपे हसून म्हणायचा. "चोच तेवढी कमी आहे तुला."

आमचं गाव राजांच्या कबरी खोदणाऱ्यांचं. नदीच्या पश्चिमेला, डोंगरांच्या बेचक्यात, जिथे गवताची काडी उगवत नाही. पाणी गाढवांवरून यायचं, धान्य राजाच्या कोठारातून. पुरुषांनी कामाचे दिवस राजासाठी खोदायचं आणि सुटीच्या दिवशी गावामागच्या उतारावर स्वतःसाठी. अमुनमोपे गिलाव्याचं काम करायचा. त्याने आपल्या कबरीची खोली इतकी गुळगुळीत लिंपली होती की चित्रकार म्हणाला, यावर रंगवायला जीव होत नाही. रंगवलं मात्र छान. नवरा-बायको खुर्च्यांवर बसलेली, समोर भाकऱ्यांची चळत, आणि हुनेरोच्या खुर्चीखाली मान ताठ केलेली हंसी. दाराशी एक दगड बसवला. त्यावर अमुनमोपेचं नाव, आणि नावाखाली सगळेच लिहितात ती विनवणी: वाटेने जाणाऱ्या माणसा, या नावाला हजार भाकऱ्या आणि हजार घडे बिअर मिळोत असं म्हण, तुझ्या पदरचं काही जात नाही, फक्त तोंडची वाफ जाते.

चुन्याची धूळ छातीत साठून अमुनमोपे खोकायला लागला आणि म्हातारा होण्याआधीच पश्चिमेला, मेलेल्यांच्या देशात गेला. मागे हुनेरो आणि एक मुलगा. मुलाचं नाव बापाने ठेवलं होतं, अमुनहेब. हुनेरो त्याला हेबी म्हणायची.

नवरा गेल्यावर तिने रडायचं तेवढं रडून घेतलं आणि कामाला लागली. सणावाराला ती उतार चढून जायची, दगडापुढे भाकरी ठेवायची, पाणी ओतायची आणि नवऱ्याचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायची. पुटपुटणं तिला चालत नसे. ती तामेरितला सांगायची, "देह बांधून ठेवला, पेटीत घातला, सगळं केलं. पण नाव विसरलं तर ताटातलं कोणाला वाढायचं हे तिथल्या लोकांना कसं कळणार? तो आधीच भिडस्त. मागून घेणारा नव्हे."

वर्षातला तिचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे अमुनदेव नावेत बसून पैलतीरावरून आमच्या काठाला यायचा तो. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी जेवायला बसे. जिवंत आणि मेलेले एका पंगतीला. हुनेरो बदक भाजायची, कांदे आणि खजूर न्यायची, आणि नवऱ्याला गावातल्या सगळ्या भानगडी सांगायची.

मग म्हातारा राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. राजा बदलला म्हणजे नवी कबर खोदायची, एवढाच बदल गावाला ठाऊक होता. या राजाने देव बदलला. आकाशातलं सूर्यबिंब, आतेन, तोच एक देव, असं त्याने ठरवलं. सुरुवातीला गावाला त्याचं काही वाटलं नाही. राजाने कोणाला पुजावं हे राजाने पाहावं. पण एका वर्षी अमुन नदी ओलांडून आलाच नाही. बाया बदकं भाजून, उन्हात डोळ्यांवर हाताची सावली धरून बसल्या.

"उशीर झाला असेल," तामेरित म्हणाली.

"देवाला कसला उशीर? त्याला काय गाढवं हाकायची आहेत?"

पैलतीरावर देवळाची दारं बंद झाली होती. हुनेरोने बदक तोडलं, नवऱ्यापुढे ठेवलं, आणि देव नसला तरी सण केला.

राजाने उत्तरेला, नदीकाठच्या ओसाड वाळूत नवं शहर बांधायला काढलं आणि आमच्या गावातले निम्मे हात तिकडे नेले. हेबी दगडकाम शिकला होता. तोही गेला. पुढच्या वर्षी रजेवर आला तेव्हा अंगाने भरला होता, गळ्यात निळ्या मण्यांची माळ होती, आणि बोलताना नजर मधूनच चुलीकडे वळवत होता. हुनेरोने ते पाहिलं आणि ती भाकऱ्या थापत राहिली.

"आई, मी लग्न केलं. सेनेत नाव तिचं. तिथलीच आहे."

"चांगलं केलंस. आणायची होतीस."

"पुढच्या खेपेला आणतो. आणि आई, तिथे मला आता आतेनहेब म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मुकादम. बायको. मीसुद्धा."

"अमुनने तुझं काय वाकडं केलं?"

"काही नाही केलं. पण त्या नावाच्या माणसाच्या हातात तिथे छिन्नी देत नाहीत." मग तो जरा पुढे सरकला. "आणि खरं सांगू? मला आवडतं. तिथल्या देवळाला छप्पर नाही. आत कोंडलेला देव नाही, ज्याला फक्त पुजाऱ्यांनीच बघायचं. सकाळी ऊन अंगावर पडतं, तोच देव. माझ्यासारख्याच्या अंगावरही पडतो."

"ऊन इथेही पडतं. त्यासाठी बापाने ठेवलेलं नाव मोडावं लागत नाही."

"एकदा म्हणून तर बघ. आतेनहेब."

"हेबी, भाकरी खा. गार होतेय."

तो हसला आणि जेवला. जाईपर्यंत त्याने दोनदा विषय काढला, आणि दोन्ही वेळा हुनेरोने त्याला आणखी भाकरी वाढली.

तिसऱ्या वर्षी हातोडेवाले आले. राजाचा हुकूम निघाला होता की अमुनचं नाव कुठेही उरता कामा नये. देवळांवर नको, खांबांवर नको, मेलेल्या माणसांच्या नावांतसुद्धा नको. टोळीचा मुकादम केन्ना नावाचा होता, उंच, डोळ्यांत सतत धूळ गेल्यासारखा. टोळीत उतारावरच्या वाटा माहीत असलेला एक माणूस हवा म्हणून त्याने आमच्याच गावचा घेतला होता. तो हेबी होता.

हुनेरो आधीच वर जाऊन नवऱ्याच्या कबरीच्या दारात उभी राहिली होती.

केन्नाने आत डोकावून भिंत पाहिली. "तो हंस फोडा."

"का म्हणून?" हुनेरोने विचारलं.

"अमुनचा पक्षी आहे."

"अमुनचा कसला? ती माझ्या घरची हंसी आहे. सासूला चावायची. देव सासूला चावतो का?"

टोळीतला एक जण फिस्सकन हसला. केन्ना हसला नाही. "हुकूम आहे, बाई. हंस दिसला की फोडायचा."

"पलीकडच्या भिंतीवर बदकं आहेत. ती का सोडलीत?"

"बदकांचा हुकूम नाही."

हंसी गेली. तिची मान आधी गेली, मग पंख, आणि हुनेरोच्या रंगवलेल्या खुर्चीखाली पांढरा खड्डा उरला. मग केन्ना दाराशी आला, दगडावरच्या नावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आतेनहेब, हे तुझ्या घरचं ना? तूच कर. निदान नीट करशील."

हेबी आईजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "मी केलं नाही तर हे लोक अख्खा दगड फोडतील. मी देवाचं नाव तेवढं काढतो. 'मोपे' राहील."

"अर्धा बाप ठेवणार?"

"अर्धा तरी राहू दे, आई."

हुनेरो बाजूला झाली. हेबीने छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला. हुनेरो स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "अमुनमोपे." दुसरा घाव पडला. "अमुनमोपे." उतारावरच्या इतर कबरींपाशी काम करणारे माना वळवून बघू लागले.

"बाई, गप्प बस," केन्ना म्हणाला.

"हुकूम दगडांचा आहे की तोंडांचा?"

केन्ना आपल्या माणसांकडे बघून मग तिच्याकडे वळला. तो हुकमाच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस होता. "दगडांचा," तो म्हणाला.

"मग तुमचं चालू द्या. माझं मी चालवते."

काम संपेपर्यंत तिने ते नाव घेतलं. हेबीने 'मोपे'ला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. संध्याकाळी ती त्याला जेवायला वाढून समोर बसली. तो तसाच उठला आणि टोळीबरोबर उत्तरेला गेला. ती त्याला शेवटचं पाहत होती हे तिला कसं कळावं.

दगडावर पूर्ण नाव उरलं नव्हतं, म्हणून हुनेरोने ते माणसांच्या तोंडी ठेवायचं ठरवलं. ती आपल्या वाट्याच्या जवाची बिअर करायची. दाट, आंबूस, काडीने ओढून प्यावी अशी. पुरुष कामावर जाण्यासाठी जिथून डोंगर चढत, त्या वळणावर ती घडा घेऊन बसू लागली. जो अमुनमोपेचं पूर्ण नाव घेईल त्याला एक वाटी.

पहिल्या दिवशी कोणी थांबेना. लोक मान खाली घालून पुढे गेले. मग तामेरित आली, कमरेवर हात ठेवून.

"अगं हुनेरो, सगळ्या गावाला पकडून देशील एक दिवस."

"तुला नको असेल तर जा."

"नको कोण म्हणालं?" तामेरितने इकडेतिकडे पाहिलं, एका दमात नाव घेतलं आणि वाटी तोंडाला लावली. "फार आंबली आहे."

"बिअर आंबली आहे. नाव तर बरोबर घेतलंस."

हळूहळू माणसं थांबू लागली. रंगाऱ्यांचा मुख्य म्हातारा तर लागोपाठ तीनदा नाव घेऊन वाटी पुढे करू लागला. "काका, पुरे," हुनेरो म्हणाली. "त्याचं पोट भरलं. आता तुमचं सुटायला लागलंय." असं करत करत ज्यांनी अमुनमोपेला कधी पाहिलंही नव्हतं, अशांनाही त्याचं नाव पाठ झालं.

राजाला राज्य करून बरीच वर्षं झाली होती तेव्हा उत्तरेच्या शहरात तापाची साथ आली. एका होडीवाल्याने निरोप आणला की हेबी गेला. हुनेरोने निरोप ऐकला, होडीवाल्याला पाणी दिलं आणि दारात बसून राहिली. तामेरित येऊन शेजारी बसली. त्या दिवशी दोघींनी एकमेकींना काहीही सुनावलं नाही.

पाठोपाठ राजाही गेला. मग गादीवर कोण बसलं हे गावाला नीट कळलंच नाही. एक नाव ऐकू आलं; त्याच्यासाठी कबरीची जागा पाहायला माणसं निघायच्या आत ते नाव गेलं. मग दुसरं आलं. कोणी म्हणे राणीच गादीवर आहे, कोणी म्हणे जावई आहे. "कोण का असेना," तामेरित म्हणाली, "धान्य वेळेवर पाठवलं म्हणजे झालं." शेवटी एका लहान मुलाला राजा केला. मुलगा राजा आणि कारभार मोठ्यांचा. त्या मोठ्यांनी नवं शहर सोडलं आणि देवळांची दारं उघडली. उन्हाळ्यात अमुन पुन्हा नावेत बसून आला. गाव नाचलं. हुनेरोने बदक भाजलं आणि अर्ध्या नावाच्या दगडापाशी जेवली.

शहर रिकामं होऊ लागलं तशी तिकडची माणसं परतू लागली. त्यांत सेनेत आली. कडेवर मुलगी, हेनुत, आणि होडीत हेबीची पेटी. नवऱ्याला ओसाड शहरात एकटं ठेवायचं नाही म्हणून ती ओळखीच्या दगडवाल्यांकडून पेटी तिथल्या कबरीतून काढवून घेऊन आली होती. हुनेरोने सुनेला पहिल्यांदाच पाहिलं. बारीक चणीची, ओठ घट्ट मिटलेली.

"आई, मी याला आणलं," ती एवढंच म्हणाली.

पेटीच्या झाकणावर सुबक अक्षरांत नाव होतं. आतेनहेब.

पेटी अमुनमोपेशेजारी ठेवायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न नावाचा होता. आता आतेनचं नाव घेणाऱ्यांकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले होते. तामेरितने सुचवलं, "सोपं आहे. रंग लावा आणि वर त्याचं जुनं नाव घाला. अमुनहेब. बापाने ठेवलेलंच तर आहे. तूही त्याला कधी दुसरं म्हणाली नाहीस."

हुनेरोच्या मनातही तेच होतं. तिने रंगाची वाटीसुद्धा काढली. पण हात घालण्याआधी तिने सुनेला विचारलं, "शेवटी तो काय म्हणाला?"

सेनेतने मुलीला खाली ठेवलं. "तापात त्याला काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं तुम्ही हाक मारता तशी मारावी, बरं वाटेल. हेबी, हेबी म्हणाले. त्याने डोळे उघडले नाहीत. आतेनहेब म्हटलं तेव्हा उघडले." ती थांबली. "आणि म्हणाला, मी मेल्यावर आई मला हाक मारेल ती माझ्या नसलेल्या नावाने. मी तिथेच उभा असेन आणि तिची भाकरी दुसरीकडेच जाईल."

हुनेरोने रंगाची वाटी उचलली, बाहेर नेली आणि वाळूत ओतून टाकली. परत येऊन ती पेटीजवळ बसली आणि म्हणाली, "आतेनहेब." पहिल्यांदा जीभ अडखळली. मग तिने पुन्हा म्हटलं, नवऱ्याचं घ्यायची तसं, खणखणीत. "आतेनहेब, भाकरी आणली आहे रे."

तेवढ्यावर ती थांबणार नव्हती. पेटी जमिनीखाली जाते, दार बंद होतं. नाव वर, उजेडात, माणसांना दिसेल असं हवं. तिने गावातल्या एकेका दगडवाल्याला गाठलं. जे तिच्या घड्यातली बिअर वर्षानुवर्षं प्यायले होते ते आता पायांकडे बघत बोलू लागले. "वहिनी, तुझ्या मालकांचं नाव सांग, फुकट कोरतो. पण हे नको." "मावशी, माझी पोरंबाळं आहेत." शेवटी पेनबुई उरला. हेबीच्या बरोबरीचा, त्याच्याचबरोबर काम शिकलेला, तोंडाने फाटका.

"त्याच्या नावाचा दगड उभा केलास की दुसऱ्या दिवशी फोडतील," पेनबुई म्हणाला. "मग माझी मेहनत वाया."

"त्याच्या नावाचा नको. माझ्या नावाचा दगड कर. मी म्हातारी झाले, मला माझा दगड करून घ्यायचा हक्क आहे ना?"

"आहे की."

"त्यावर लिही: हुनेरो, अमुनमोपेची बायको, आतेनहेबची आई."

पेनबुई तिच्याकडे बघत राहिला, मग गुडघ्यावर थाप मारून हसला. "मावशी, हा दगड कुठल्याच राजाला चालायचा नाही!"

"म्हणूनच. अमुनवाले आले तर मुलावर हात टाकतील, आतेनवाले आले तर बापावर. दोघे एकदम यायचे नाहीत. एक जण उरेल आणि तो दुसऱ्याला ओळखेल."

पेनबुईने दगड केला. सुटीच्या दिवसांत, कबरीच्या आतच बसून, म्हणजे ठोक्यांचा आवाज खाली गावात जाणार नाही. तयार झाल्यावर दोघांनी मिळून तो दाराच्या उजव्या बाजूला बसवला. सेनेतने चुन्याच्या पाण्याने पुसून काढला.

फार दिवस गेले नाहीत. तामेरित धापा टाकत आली. "अगं, हातोडेवाले आलेत. आणि कोण आहे माहितेय? तोच केन्ना! पोट सुटलंय त्याचं."

या वेळी हुकूम उलटा होता. जिथे अमुनचं नाव गेलं होतं तिथे परत कोरायचं, आणि आतेनचं दिसेल तिथे काढायचं. केन्नाने अमुनमोपेच्या दगडापासून सुरुवात केली. खड्ड्यात चुना भरला, पुन्हा नाव कोरवलं, आणि काम झाल्यावर जरा मिरवतच म्हणाला, "बघ बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव परत दिलं."

"माझी हंसी?"

"हंसीचा हुकूम नाही."

मग त्याची नजर उजवीकडच्या दगडावर गेली. त्याने ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. त्याने हातोडेवाल्याला खूण केली. हुनेरो उठली, दगडापाशी गेली आणि त्याला पाठ टेकून खाली बसली. पाय पसरले, हात मांडीवर ठेवले, जणू ती घरच्या ओट्यावरच बसली आहे.

"ऊठ," केन्ना म्हणाला.

"माझ्या दगडाला टेकून बसलेय. कोणाचं काय गेलं?"

"तिथे आतेनचं नाव आहे."

"तिथे माझ्या मुलाचं नाव आहे. त्याला तुम्हीच इथे आणलं होतं, आठवतं ना? नीट करशील म्हणाला होतात त्याला. तो गेला. ज्या नावाने तो तुमचं काम करायचा तेच नाव आहे हे."

केन्नाने डोळे चोळले. "बाई, मी हुकमाचा माणूस."

"माहीत आहे. म्हणूनच विचारते. राजा लहान आहे. त्याच्यानंतर कोण? त्याचा हुकूम काय असेल? तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी उठते."

हातोडेवाला हातोडा खांद्यावरून खाली घेऊन थांबला. राजवाड्यात अजून पाळणा हलला नव्हता, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. केन्नाने उतारावरच्या कबरींकडे पाहिलं. त्यातल्या कित्येकांवरची नावं त्यानेच एकदा फोडली होती आणि आता भरत होता. शेवटी त्याने विचारलं, "हा दगड मेलेल्याचा की जिवंत माणसाचा?"

"जिवंत माणसाचा. दिसतेय ना तुम्हाला?"

"हुकूम देवळांचा आणि मेलेल्यांच्या दगडांचा आहे. जिवंतांचा नाही." त्याने हातोडेवाल्याला पुढे जायला सांगितलं आणि जाता जाता वळून बघितलं. "तू गेलीस की येतो."

"या. मला घाई नाही."

खरोखरच तिने घाई केली नाही. त्या वयाच्या बाया अंथरुणाला लागतात; हुनेरो जातं ओढायची, बिअर गाळायची, आणि थंडीत खोकला आला तर त्याला शिव्या घालायची. दरवर्षी पाण्याच्या गाढवांबरोबर केन्नाचा एक माणूस यायचा आणि गावाच्या दाराशी विचारायचा, "ती म्हातारी?" तामेरित ओरडून सांगायची, "आहे! अजून चावते!" राजा वयात येता येताच गेला, मूल मागे न ठेवता. मग एक म्हातारा दरबारी गादीवर बसला, त्याच्यानंतर एक सेनापती. सेनापतीचे हुकूम सगळ्यात कडक होते. उत्तरेच्या त्या सूर्यनगरीचा दगडन् दगड उपटून नेला म्हणत. तिथल्या राजाचं नावसुद्धा कोणी घेत नसे.

तेव्हा मात्र हुनेरोने पेनबुईला बोलावलं. त्याचेही केस पिकले होते.

"मी मेले की हा दगड मेलेल्याचा होतो," ती म्हणाली. "माझ्या नावाखाली सेनेतचं नाव कोर. सून म्हणून. ती जिवंत आहे."

"आणि सेनेत गेली की?"

"तिच्याखाली हेनुत. जागा ठेव."

पेनबुईने दगडाच्या खालच्या मोकळ्या भागावरून हात फिरवला, बोटांनी ओळी मोजल्यासारखं केलं आणि मान वर केली. "मावशी, दगड किती खाली न्यायचा?"

"तू आधी सेनेतचं कोर," हुनेरो म्हणाली. "हेनुतचं लग्न ठरतंय. तिला मुली होतील. कमी पडला तर याच्या पायाशी दुसरा दगड लावू."

पेनबुईने हातोडी उचलली.